पाऊण तास

साडेबारा वाजले तसा हिमानीने लॅपटॉप मिटला. मीटिंग अजून चालूच होती. भिंतीवर देवदत्तची विसावी स्लाइड होती.

"हिमानी, फक्त दहा मिनिटं," देवदत्त म्हणाला.

"जेवून आले की बघते," ती म्हणाली आणि डबा घेऊन पँट्रीत गेली.

अमेरिकेतल्या कॅरी शहरातल्या त्या औषध कंपनीत असं कुणी करत नसे. लोक कीबोर्डवर वाकून सॅलड खात, ड्राइव्ह करताना बरिटो खात, कॉलवर म्यूट करून चिप्स खात. देवदत्त हिमानीचा मॅनेजर. मूळचा पुण्याचा, वीस वर्षं अमेरिकेत. तो दुपारी एक प्रोटीन बार खायचा, तोही उभ्यानेच. हिमानी मात्र घरून आणलेली काचेची प्लेट काढायची. भाजी गरम करायची, पोळी, कोशिंबीर वाढून घ्यायची, फोन पालथा ठेवायची आणि पाऊण तास जेवायची. रविवारी ती ईमेलला उत्तरही देत नसे.

आठ महिन्यांपूर्वी ती कंपनीच्या फ्रान्समधल्या लिऑन ऑफिसातून बदलून आली होती. त्यामुळे कारण शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही.

"फ्रान्सचे नखरे आहेत, यार," शेजारच्या डेस्कवरचा शंतनू म्हणायचा. "तिकडे लोक जेवायलाच ऑफिसात येतात."

देवदत्तने आधी समजावून पाहिलं. मग मुद्दाम रोजची मीटिंग बारा ते एक अशी लावली. हिमानी बाराला यायची, साडेबाराला उठायची. त्या दिवशी मात्र त्याने तिला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"स्पष्टच बोलतो. तुझ्या व्हिसाच्या एक्स्टेंशनचं लेटर माझ्याकडून जायचंय. काय लिहू मी त्यात?"

हिमानीची मुलगी उर्वी आठ वर्षांची, आत्ता कुठे शाळेत रुळत होती. ही तिची तिसरी शाळा. नवऱ्याला, मिहीरला, इथे काम मिळून दोन महिनेही झाले नव्हते.

"माझं कुठलं काम राहिलंय का?" तिने विचारलं.

"कामाचा प्रश्नच नाही. ही अमेरिका आहे, फ्रान्स नाही. इथे असं ताट मांडून कुणी बसत नाही. सगळे बघतात, आणि उद्या सगळेच बसायला लागतील."

"बसू देत की."

"हिमानी!"

ती खुर्चीत जरा सरळ झाली. "माझी आई नागपूरला नर्स होती. कागदावर तिला जेवायला पाऊण तास होता. तीस वर्षं तिने वॉर्डच्या दारात उभं राहून डबा खाल्ला. तोही अर्धा. अर्धा घरी परत यायचा, मी रोज बघायची. लेटरमध्ये काय लिहायचं ते तुम्ही ठरवा, देवदत्त. मी बसूनच जेवणार."

"विचार कर, घाई नाही."

"विचार बाराव्या वर्षीच झालाय माझा."

त्या रात्री तिने मिहीरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बॅगा अजून माळ्यावरच आहेत. लागल्या तर काढू." तिला हसू आलं आणि रडूही. दुसऱ्या दिवशी साडेबाराला ती पुन्हा उठली. लेटर गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात लिऑनहून मादाम रुसेल आल्या. पूर्वी हिमानीच्या बॉस होत्या, आता साऱ्या विभागाच्या प्रमुख. फ्रेंच पाहुणी म्हणून देवदत्तने कसर ठेवली नाही. कॉन्फरन्स रूममध्ये पांढरे टेबलक्लॉथ आले. बरोबर साडेबाराला जेवण सुरू झालं. आधी सूप, मग मासा, हिमानीसाठी वेगळी भाजी. मग चीजचा भला मोठा लाकडी पाट आला. गप्पा रंगल्या. आयुष्यात पहिल्यांदाच ऑफिसात बसून जेवणारा शंतनू तिसऱ्यांदा ब्रेड घेत होता. कॉफी, डेझर्ट अजून यायचंच होतं.

सव्वा वाजता हिमानीने नॅपकिनची घडी केली आणि ती उठली.

देवदत्तचा घास हातातच राहिला. "अगं, बस! आज तर सगळं तुझ्याच पद्धतीने चाललंय!"

"माझं झालं जेवण," ती म्हणाली. "तपासणीचे रिपोर्ट आलेत, ते बघते." मादाम रुसेलना हात करून ती निघून गेली.

देवदत्तचे कान लाल झाले. तो पाहुणीकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "माफ करा. ती कुणाचंच ऐकत नाही."

"काम कसं करते?"

"काम... उत्तम करते."

"मग तिच्या एक्स्टेंशनचं लेटर गेलं असेल?"

"आज जाईल." त्याने पाण्याचा घोट घेतला. पण राहवेना. "तरी या तिच्या फ्रेंच सवयी, मादाम... इथे फार जड जातात आम्हाला."

"फ्रेंच?" मादाम रुसेल इतक्या मोठ्याने हसल्या की सगळं टेबल त्यांच्याकडे बघायला लागलं. "आम्ही तिकडे दोन दोन तास जेवतो. ही पाऊण तास झाला की उठायची. माझ्या वाढदिवसालासुद्धा! सगळं ऑफिस तिला 'अमेरिकन' म्हणायचं. म्हणून तर मी तिला तुमच्याकडे पाठवली."