बिटचे दात

"शालनताई, दाब वाढवा. ढासळलेल्या बोगद्यात सात माणसं अडकलीत, त्यांची हवा संपत आलीय," इंजिनिअर केळुसकर म्हणाले.

शालन खुर्चीत डोळे मिटून बसली होती. चाळीस मीटर खाली ड्रिलच्या टोकाला बसवलेल्या बिटचे पोलादी दात खडकात रुतत, ते तिला स्वतःच्या दाढांत जाणवे. ड्रिलची ही जोडणी स्वतःच्या नसांशी करून घेतल्याला सहा वर्षं झाली होती. एरवी दाताखाली दगडाचं पीठ व्हायचं, तडे बाजूला धावायचे आणि दोन दातांमधली कपची उडायची. आज मात्र तडे दातांच्या पुढे पळत होते.

"साहेब, खडक आधीच फुटलाय. जोर दिला तर छत त्यांच्या अंगावर येईल."

"मग काय करायचं?"

"फोडायचं नाही. घासत जायचं."

तिने दाब निम्म्यावर आणला. उरलेला हातभर दगड घासायला अडीच तास लागले. कळा कानापर्यंत गेल्या, तरी ती खुर्चीतून उठली नाही. मग एकाएकी दातांपुढे काहीच उरलं नाही. तिने ड्रिल थांबवलं.

खालून काहीच आवाज आला नाही. केळुसकरांनी दोनदा विचारलं, "जिवंत आहेत का?" मग तिच्या डाव्या दाढेवरून कुणाचं तरी खरखरीत बोट हळूच फिरलं.

"आहेत," ती म्हणाली.