पाच जणी, चार फळ्या

कृष्णाबाईने बोट लावून फळ्या पुन्हा मोजल्या. दोन डावीकडे, दोन उजवीकडे. चारच.

बाजाराला जाणाऱ्या बायका पाच होत्या.

“कशा वाटल्या, मावशी?” फळ्या बसवणाऱ्या धर्मराजने भिंतीला टेकलेली वरची फळी एका हाताने खाली ओढली. बिजागऱ्या न कुरकुरता वळल्या, साखळ्या ताणल्या आणि फळी आडवी झाली. “दिवसा उचलून कडी घाला, मधे तुमच्या टोपल्या राहतील. रात्री साखळीवर सोडा आणि खुशाल झोपा. दोघी बसल्या तरी वाकणार नाही.”

“झ्याक झाल्यान,” कृष्णाबाई म्हणाली.

कळंबोलीच्या त्या वर्कशॉपात उभा असलेला बंद मालवाहू ट्रेलर कुणीतरी भंगारात काढलेला होता. खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या पाचजणींच्या बचत गटाने तो घेतला. दरवर्षी आगोटीच्या आधी, लोक पावसाळ्याची बेगमी करतात तेव्हा, या पाचजणी सुकी मासळी घेऊन कर्जत, खोपोली, वर लोणावळ्यापर्यंत बाजार करत जात. माल हातोहात खपे, पण निजायला जागा मिळत नसे. बोंबलाचा वास अंगाला. लॉजवाला दारातूनच हात हलवी, देवळाच्या ओसरीवरून पुजारी उठवी. मग बाजाराच्या ओट्यावर, टोपलीला पाय लावून रात्र काढायची. यंदा कृष्णाबाईचा मुलगा भावेश आपल्या टेंपोमागे हा ट्रेलर ओढून नेणार होता. बायका मासळी वाळवण्यात गुंतलेल्या, म्हणून फळ्या करून घ्यायचं काम कृष्णाबाईच्या नवऱ्यावर टाकलं. कमळाकर चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता. चिंचोळ्या जागेत माणसं कशी निजवायची, ते तांडेलाहून कुणाला कळणार?

“चारच का रं केल्यास?” तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“मी म्हटलं होतं काकांना. पाचजणी तर पाच घालू, जागा आहे. नाही म्हणाले. दोनदा विचारलं, मावशी. दोन्ही वेळा चारच म्हणाले.”

म्हणजे नवऱ्यानेच मोजून तिला वगळलं होतं. गेल्या वर्षी खोपोलीच्या भर बाजारात तिला घेरी आली होती. अर्धा माल तसाच बांधून बायकांनी तिला घरी आणलं. त्यावर वर्षभर कुणी चकार शब्द काढला नव्हता. कोळीवाड्यात म्हातारीला घरी बस असं तोंडावर कुणी म्हणत नाही. नुसती जागा ठेवत नाहीत. अकराव्या वर्षी आईच्या मागून टोपली घेऊन ती घाट चढली होती. आता घाटावरची गिऱ्हाइकं विचारतील, म्हातारी कुठे गेली, आणि या चौघी काहीतरी सांगतील.

ती ट्रेलरमधून खाली उतरली. बाहेर टायरांवर तिची सून कीर्ती, कुमुद, वसुंधरा आणि यमुना बसल्या होत्या. कृष्णाबाईने पिशवीतून आपली तागडी काढली आणि कीर्तीपुढे धरली.

“घे. करंदी देताना वर मूठभर टाकीत जा. लोनावल्याची मानसं तेवढ्यावर परत येतान.”

कीर्तीने हात पुढे केला नाही. “मला कशाला, आई? मी कुटं येतंय?” तिचे डोळे भरून आले. “फल्या बगितल्या मी मगाशीच. समजले. माजा पोर रात्रभर रडतो, तुमची सगल्यांची झोप मोडतो. पन मामांजींनी तोंडावर सांगायचा व्हता.”

“तुला कशाला सोडतान?” कुमुद म्हणाली. “सोडली ती मला. मी घोरते.”

“घोरते तू, पन गिऱ्हाइकासंग भांडते कोन?” वसुंधरा म्हणाली. “मीच.”

यमुना नुसती पदराने नाक पुसत होती.

पाचीजणींना वाटत होतं, वगळलेली ती आपणच. तेवढ्यात टपरीवरून चहाची किटली घेऊन कमळाकर आला.

“अवो तांडेल,” कृष्णाबाई कडाडली, “पाच बायांना चार फल्या? सोडलीत कोनाला? नाव घ्या!”

“सोडली?” कमळाकर किटली हातात धरून तसाच उभा राहिला. “कोनाला सोडीन गो? बोटीवर पाच मानसांना चारच फल्या लागतान. एक सुकानावर जागा असतो. तो आला का दुसरा उठतो. फली थंड पन होत नाय. पाचवी केली तर लाकूड फुकट.”

मग यमुनाच आधी फुटली. नाक पुसता पुसता तिला हसू आलं, ते कुमुदला लागलं, आणि पाचीजणी अशा हसल्या की पलीकडच्या गॅरेजातली माणसं बघायला आली. कृष्णाबाईच्या छातीवरचा धोंडा उतरला. तागडी तिने गुपचूप पिशवीत सरकवली.

“अवो, गाडी रात्री बाजारात उभी असते,” ती डोळे पुसत म्हणाली. “चाकाला दगड लावलेला, दाराला कडी. जागं राहून हाकायचा काय?”

धर्मराज टेप घेऊन ट्रेलरमध्ये चढलासुद्धा. दाराच्या अंगाला पाचवी फळी आरामात बसत होती.

कमळाकरने किटली खाली ठेवली. मग डोकं खाजवत त्याने त्या जागेकडे बघितलं.

“म्हंजे तुमी पाचीजनी एकदम झोपनार?”

“एकदम.”

“ब्येस,” तो म्हणाला. “आमाला चालीस वर्सांत एक रात पन जमला नाय.”