रडण्याचा तक्ता

पोटदुखीनं रडणाऱ्या तान्ह्या लेकरांसाठी तलवाड्यात नव्या थेंबांची चाचणी आली. लेकरू रोज किती रडलं, ते आईनं तक्त्यात लिहायचं. वर्षाराणीचं पोरगं पाच-पाच तास केकाटायचं, पण 'थेंब नीट पाजले न्हाईस' म्हणून चाचणी घेणाऱ्या डॉक्टरीणबाई सगळ्यांदेखत झापतील, या धाकानं तिनं रोज अर्धाच तास लिहिला. बाकीच्या बायांनीही तिचंच बघून लिहिलं.

दोन वर्षांनी तिची धाकटी लेक तशीच रडून काळीनिळी पडायला लागली. त्याच डॉक्टरीणबाईंनी तेच थेंब दिले. आठवड्यानं वर्षाराणी लेकीला घेऊन परत गेली. "बाई, थेंबानं कायबी फरक न्हाई."



बाई खेकसल्या, "तुमच्याच गावच्या चाळीस जणींनी लिहून दिलंय, गुण येतो म्हणून. तूच नीट पाजत नसशील!"