पिंपातले जीव

आयुषीनं पिंपाचं झाकण उचललं आणि पुढं वाकून बघणाऱ्या बायका किंचाळत मागं सरल्या.

"ओ माय वं!" समोरच्या फ्लॅटमधल्या कोकिळानं पदर नाकाला लावला. आत काळंभोर खत दिसायला हवं होतं. दिसल्या त्या अळ्या. गुबगुबीत, पांढुरक्या, एकमेकींच्या अंगावरून वळवळणाऱ्या.

देवपुरातल्या त्या इमारतीच्या पार्किंगमध्ये आयुषी दर रविवारी ओल्या कचऱ्याचं खत करायला शिकवायची. आज पहिलं पिंप उघडणार म्हणून शेजारच्या इमारतींतूनही बायका आल्या होत्या. कचऱ्यावर वाळका पाला घाला, म्हणून ती कानीकपाळी ओरडली होती. बायकांनी पाला सोडून उरलेली आमटी तेवढी न विसरता ओतली होती. आता सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या. पोरीचा चेहरा पार उतरला.

तिच्या सासूबाई, धनकुंवरबाई, जैन स्थानकातलं प्रवचन ऐकून नुकत्याच येऊन खुर्चीत टेकल्या होत्या. पर्युषणाचे दिवस. एरवीही पाणी गाळल्याशिवाय पिणार नाहीत अशा त्या. साखरेच्या डब्यात मुंग्या शिरल्या, तर त्या आपणहून जाईपर्यंत घरादाराला बिनसाखरेचा चहा पाजायच्या. पिंपाला त्यांनी होकार दिला तो एकाच अटीवर, त्यात जीव पडता कामा नये. सुनेनं छातीठोकपणे सांगितलं होतं, नाही पडणार.

"बठ्ठं पिंप अळ्यास्नी भरेल शे!" सोसायटीचे सेक्रेटरी गिरधरनाना पिंपात डोकावून म्हणाले. "उकळतं पाणी ओता, नहीं तं पावडर मारा."

"नाना, नको. खत करणाऱ्याच अळ्या आहेत त्या."

"मंग दे घंटागाडीत. गाडी उनी कोपऱ्यावर."

हे सगळ्यांना पटलं. कुणाला मारायला नको, की बघायला नको. घंटेचा आवाज जवळ येत होता. आयुषीनं सासूबाईंकडं बघितलं. पिंप त्यांच्या घरच्या पैशानं आणलेलं, तेव्हा शेवटचा शब्द त्यांचा.

धनकुंवरबाईंना पहिल्या दिवसापासून ही ब्याद नकोच होती. आता नुसती मान हलवायची, की सुंठीवाचून खोकला जाणार होता. पण मान हलेना. त्या खुर्चीतून उठल्या आणि पिंपापाशी आल्या. त्यांना सुनेचा राग आला होता, आणि आतली ती वळवळ बघवत नव्हती, तेही खरं.

"गाडीत गेल्या तर काय होईल यांचं?"

आयुषीनं हातातलं झाकण उगाच फिरवलं.

"खोटं नको बोलूस, बेटा."

"गाडी भरली की कचरा दाबतात, मम्मीजी."

"आणि इथं राहिल्या तर?"

"कचरा खातील, वाढतील. मग पंख फुटतील आणि उडून जातील."

"आणि खायला नाही मिळालं?"

"मग नाही जगणार."

"अक्का, अळ्याच त्या," गिरधरनाना म्हणाले. "कितला इचार करतस!"

धनकुंवरबाई आणखी वाकल्या. पिंपात पर्युषणाआधी आपल्याच घरची दुधीची सालं पडली होती, आपल्याच होकारानं. जन्माला घातलं आपण, आणि आता घंटा वाजतेय म्हणून गाडीत लोटून द्यायचं? कुठल्या तोंडानं उद्या स्थानकात बसायचं?

"झाकण लाव," त्या म्हणाल्या. "जपून लाव. काठावर चढल्यात दोघी."

आयुषीनं त्या दोघींना पानावर घेऊन आत सोडलं आणि झाकण लावलं. घंटागाडी पुढं निघून गेली. बायकाही पांगल्या, यापुढं आमचा कचरा यात येणार नाही, हे बहुतेकींनी जिन्यावरूनच सांगून टाकलं. पुढच्या रविवारी कुणी शिकायला येईल असं आयुषीला वाटेना.

"यांना आता रोज काय लागेल?" सासूबाईंनी विचारलं.

"भाजीची सालं, देठं... ओलं काहीतरी." आयुषी चाचरली. पर्युषणात त्यांच्या घरी हिरवी भाजी येत नसे. स्वयंपाकघरात मूग होते, पापड होते, बेसन होतं. सालं कुठून आणणार?

धनकुंवरबाई जिना चढून वर गेल्या. बाल्कनीतलं कुंड्यांच्या कामाचं जुनं घमेलं त्यांनी उचललं आणि समोरच्या दाराची बेल वाजवली. शेजार इतक्या वर्षांचा, पण कांदा-लसणाचं घर म्हणून या दारात त्यांनी कधी पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

कोकिळानं दार उघडलं. आतून फोडणीचा वास आला, तसा धनकुंवरबाईंनी पदर नाकाशी नेला. घमेलं मात्र पुढं केलं.

"सालं असतील तर द्या."

कोकिळा बघतच राहिली. "अक्का, पण आमच्याकडं आज कांद्या-बटाट्याचीच आहेत."

"चालतील," धनकुंवरबाई पदराआडून म्हणाल्या. "पर्युषण माझं आहे. त्यांचं नाही."