लताबाईंची सही

प्रतिभा मखमलाबादच्या स्टॉपवर उतरली, तेव्हा सकाळचे दहा वाजत आले होते. पर्समध्ये घडी घातलेला कागद होता. त्यावर तिच्या वडिलांबद्दल, आबांबद्दल, मोजून तीन वाक्यं. ‘पुंजाराम पिंगळे यांच्या मळ्यात माझ्याच चुकीने पडून माझा पाय मोडला. त्यास ते जबाबदार नाहीत. माझी काही तक्रार नाही.’ खाली लताबाईंची सही झाली की काम संपलं.

कागद तिच्या नवऱ्याने, ज्ञानेशने, ओळखीच्या वकिलाकडून लिहून आणला होता. “दुसऱ्याच्या जागेत कोणी पडलं की लोक मालकाला धरतात,” तो म्हणाला होता. “त्यात पायरीचा दगड हलत होता हे आबा स्वतःच गावभर सांगत सुटलेत. उद्या त्या बाईने केस केली म्हणजे?”

प्रतिभाला केसची भीती नव्हती. तिला राग आला होता.

लताबाई आबांच्या मळ्यात झेंडू तोडायला यायच्या. जानेवारीतल्या एका पहाटे विहिरीपलीकडच्या, पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या पायऱ्यांवरून त्या खाली आल्या आणि उजव्या पायाचं हाड मोडलं. आबांनी त्यांना शेजारच्या वाल्मीकच्या टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. निरोप मिळताच प्रतिभा धावत गेली, तर आबा बाकावर अनवाणी बसलेले. मनगटावर घड्याळ नाही. ते घड्याळ आणि घराच्या किल्ल्या तिला नंतर घरी आईच्या फोटोपुढे सापडल्या. म्हातारा माणूस, गडबडून गेला असेल, असं ती तेव्हा मनाशी म्हणाली.

आईला जाऊन तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. आबांचं बोलणं आटलं होतं, ताटातलं अर्धं तसंच राहायचं. प्रतिभाने त्यांना नाशिकला घरी नेलं, तर चौथ्या दिवशी पिशवी उचलून परत आले.

आणि आता हे. ज्या माणसाने जन्मात कधी चूल पेटवली नव्हती, तो चौसष्टाव्या वर्षी भाकरी थापायला शिकला होता. रोज सकाळी डबा सायकलला अडकवून लताबाईंच्या घरी जायचं, औषध द्यायचं, तारखेला डॉक्टरकडे न्यायचं. पायऱ्या त्यांनी नव्या बांधून घेतल्या. “विहिरीवर जाळी टाका, तवाच मी मळ्यात पाय ठेवीन,” असं लताबाई म्हणाल्या, तर आठवड्यात लोखंडी जाळी बसली.

“आता पुरे, आबा. चला माझ्याकडे,” प्रतिभाने मागच्या महिन्यात म्हणून पाहिलं होतं.

“माझ्या मळ्यात पडली ना ती? मग ती धड चालेस्तोवर मला कुठं जाता यायचं नाय, पोरी.”

धड चालेस्तोवर! गेल्या रविवारी प्रतिभाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. लताबाई नळावरून डोक्यावर हंडा घेऊन ताठ चालत घरी गेल्या. तासाभराने ती आबांबरोबर तिथे गेली, तेव्हा त्याच लताबाई खाटेवर, पाय उशीवर. “आज लय ठणकतोय, आबा.” आबा तसेच मलम आणायला बाहेर पडले.

आज लताबाई दारात मेथी निवडत बसल्या होत्या. एकट्याच राहायच्या. प्रतिभाला पाहून त्यांनी पाट सरकवला. प्रतिभा बसली नाही. तिने कागद काढला आणि सगळा वाचून दाखवला.

“आबांनी धाडलाय?”

“त्यांना माहीत नाही.”

“मग मी नाय करायची सही.”

“तुमचा पाय बरा झालाय, लताबाई. रविवारी मी पाहिलं, नळावर.”

लताबाईंचे हात थांबले. “झालाय,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पंधरा दिवस झाले.”

“मग कशाला पळवता माझ्या वडिलांना? बोटं पोळून घेतात ते रोज, तुमच्या भाकरीपायी.”

“दोन भाकरी आणतात. मी म्हणते, एकटीला घास उतरत नाय. मग एक तेबी खातात, हितं बसून. पुरी खातात.”

“ते मी विचारलं नाही.”

लताबाईंनी कागद हातात घेतला. चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या, ओठ हलवत त्यांनी तो वाचला. “खरं हाय हे. त्यांची चूक नव्हती. दगड हलतो हे मला ठाव होतं, तीन वर्सं चढत व्हते मी. पण सही केली की आबा मोकळे होतील. मला त्यांना मोकळं नाय करायचं, ताई. एवढ्यात नाय.”

प्रतिभाचा आवाज चढला. “एखाद्याच्या भलेपणाचा किती फायदा घ्यावा माणसाने?”

गल्लीच्या तोंडाशी सायकलची घंटी वाजली. लताबाईंनी मेथी बाजूला सारली, लगबगीने खाटेवर जाऊन पाय उशीवर ठेवला. मग प्रतिभाला हाताने जवळ बोलावलं. प्रतिभा नाइलाजाने वाकली.

“त्या पहाटे आबा विहिरीच्या कठड्यावर उभे व्हते, ताई. मी पायऱ्यांवर, लांब. हाक मारली, ती त्यांच्या कानात शिरली नाय. धावून पोचले नसते मी.”

बाहेर सायकल स्टँडवर लागल्याचा आवाज आला. लताबाई आणखी हळू बोलल्या.

“मी पडले नाय. त्यांनी मागं वळून बघावं म्हनून उडी टाकली.”