डब्याच्या तळाचे पाणी

चार्ल्सटनच्या विधानभवनात, सिनेटर स्ट्रोथरच्या दालनात, डेल्फीमावशींच्या दिवंगत पतीचा जेवणाचा जुना डबा काचेच्या पेटीत विराजमान होता. खाणीतल्या धुळीने पतीचा बळी घेतला, तेव्हा तरुण वकील स्ट्रोथरने विनामूल्य लढून खाणमालकांना नमवले होते; मावशींनी कृतज्ञतेने दिलेला डबा सभासभांत उंचावून तो निवडणुका जिंकला. आज त्यानेच खाणकामगारांची भरपाई निम्म्यावर आणणारे विधेयक मांडले. मावशी दालनात येताच पेटीतून डबा काढत तो म्हणाला, “या, मावशी, डबा धरा, फोटो काढू!” मावशींनी झाकण उघडून वरचा कप्पा उचलला. तळाच्या कप्प्यात खाणमालकांच्या छापाच्या पेपरमिंटच्या गोळ्या होत्या. “इथं पाणी असायचं, पोरा. खाण कोसळली तर अडकलेल्यांसाठी. घसा सुकला तरी वर येईपर्यंत कुणी तोंड लावायचं नाही.” गोळ्या मेजावर ओतून, डबा काखोटीला मारून त्या निघाल्या. “मावशी, उद्या सभा आहे, डबा लागेल ना!” “मग या गोळ्या घेऊन जा, सिनेटरसाहेब!”