आठ दिवसांचं पथ्य

सन अठ्ठावन्नच्या कापूसवेचणीत यवतमाळच्या डॉक्टरांनी मारोतरावांची अक्कलदाढ काढली आणि आठ दिवस मऊ, पण अंगाला लागेल असं खायला सांगितलं. कोकिळा नवऱ्यासाठी रोज मुगाची आसट खिचडी शिजवू लागली. वरून तुपाची धार, कधी दुधात कुस्करलेलं केळ, कधी शेवयांची खीर. मारोतरावांचा गाल सुजलेला. दोन घास खाऊन ते ताट सारायचे. उरलेलं सगळं त्यांच्या आईच्या पुढ्यात यायचं.

गिरजाबाईच्या तोंडात चार वर्षांपासून एकही दात नव्हता. भाकर पाण्यात भिजवून ती चघळत बसायची. दिवसभर कापूस वेचून आलेल्या सुनेला वेगळं काही रांधायला सांगायचं तिच्या जिवावर यायचं. या आठ दिवसांत मात्र ती पोटभर जेवली.

नवव्या दिवशी मारोतरावांनी भाकरीचा कडक पापुद्रा कडाकडा चावला.

"आता एकदम बरं वाटून राह्यलं, माय."

"बरं झालं रे बाप्पा," गिरजाबाई म्हणाली. आपली भाकर तिनं गुपचूप पाण्यात बुडवली आणि जरा वेळानं हळूच विचारलं,

"मारोती, तिकडल्या बाजूची दाढ नाई का रे दुखत?"